परिसरातील पत्रकारितेला देणगी देताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या भागाच्या बातम्या देणारे एक ना-नफा संकेतस्थळ देणगी मागत आहे. घरी वर्तमानपत्र येत असताना ही वेगळी देणगी कशासाठी द्यावी? (धायरी)

वर्तमानपत्राच्या बिलातून सहसा छपाईचाही खर्च भरून निघत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतात आणि ज्या वस्तीत जाहिरातदाराला गिऱ्हाईक दिसत नाही, तिथे पूर्णवेळ बातमीदार नेमणे वर्तमानपत्राला परवडत नाही. 2021 मध्ये पुणे महापालिकेत 23 गावे आली. किरकटवाडी आणि नांदेड त्यांतलीच. 2025 च्या जानेवारीत या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि विहिरीच्या पाण्याची चर्चा राज्यभर झाली. मात्र त्या पाण्यात क्लोरीन किती पडतो, तो रोज तपासला जातो का आणि शुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर अडला आहे, हे साथ नसतानाही दर महिन्याला जाऊन विचारणारा माणूस लागतो. त्याला पगार लागतो. तुमची देणगी त्या पगारासाठी आहे, म्हणूनच एकदा पाच हजार देण्यापेक्षा दरमहा दोनशे रुपये देणे मला अधिक मोलाचे वाटते. ठरलेल्या रकमेच्या भरवशावरच संपादक वर्षभरासाठी माणूस नेमू शकतो.

प्रश्न : या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते का? (कोथरूड)

संस्थेला देणगीवर वजावट देणारी प्राप्तिकर विभागाची मान्यता (1961 च्या कायद्यात ती 80जी कलमाखाली होती) असेल आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल, तरच मिळते. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिल्यास वजावट मिळत नाही, त्यामुळे यूपीआय किंवा धनादेश वापरावा आणि संस्थेकडून देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. खासगी कंपनीला किंवा एकट्या पत्रकाराला दिलेल्या पैशांवर ही सवलत नाही. मात्र तेवढ्याने त्यांचे काम कमी प्रतीचे ठरत नाही.

प्रश्न : अमेरिकेत राहणारा माझा पुतण्याही अशा संस्थेला देणगी देऊ इच्छितो. चालेल का? (औंध)

आधी त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते विचारा. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देते ते) असूनही 2010 च्या विदेशी देणगी नियमन कायद्यानुसार तो परकीय स्रोत ठरतो. नोंदणीकृत वर्तमानपत्राचे संपादक व मालक, तसेच दृक्‌श्राव्य बातम्या तयार करणाऱ्या संस्था यांना असा पैसा घेण्यास या कायद्याने मनाई आहे. अशा वेळी पुतण्याचा उत्साह त्या संस्थेलाच अडचणीत आणू शकतो, म्हणून त्याला स्पष्ट नकार द्यावा.

प्रश्न : आमच्याकडे देणगी मागणाऱ्या अशाच एका वृत्तसंस्थेला एका बांधकाम व्यावसायिकानेही मोठी रक्कम दिली आहे. विश्वास ठेवावा का? (हडपसर)

देणगीदारांची नावे आणि रकमा संस्था स्वतः जाहीर करते का, हे प्रथम पाहावे. संस्था सार्वजनिक न्यास असेल, तर तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर होणे बंधनकारक आहे. ते तिच्याकडे मागण्यात संकोच नको. त्यानंतर त्या व्यावसायिकाच्या प्रकल्पांविषयी गेल्या वर्षभरात काय छापले आहे, ते वाचावे. परिसरात त्यांच्याविरुद्ध तक्रारी असूनही संस्थेने चकार शब्द काढला नसेल, तर संपादकांना लेखी विचारावे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत देणगी थांबवावी. हाच नियम तुम्हा-आम्हालाही लागू आहे : आपल्या सोसायटीच्या पाणीजोडणीविषयी गैरसोयीची बातमी आली, म्हणून मासिक देणगी बंद करणे हाही दबावच आहे.