मिस्त्रींना विचारा : स्लो केली की मोटर मरते

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझी छोटी होडी शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात चालते. मागे आठ हॉर्सपॉवरची जुनी टू-स्ट्रोक मोटर आहे, वीसेक वर्षांपूर्वी वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. पावसाळाभर ती पडवीत उभी होती. आता चोक ओढून दोरी मारली की चौथ्या-पाचव्या झटक्याला सुरू होते, अर्ध्या थ्रॉटलच्या वर झकास पळते. पण काठाला आलो आणि स्लो केली की फुस्स. चोक अर्धा ओढून धरला तर तग धरते. प्लग बदलले. कार्बोरेटर गॅरेजात दोनदा साफ करून आणला. आठ दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच रडगाणं. आता तिथले म्हणतात नवीनच कार्बोरेटर टाका. टाकू का?
– एक वाचक, बामणोली, ता. जावली

उत्तर : भाऊ, पैसे खिशातच राहू द्या. रोग काय आहे ते तुम्हीच पत्रात लिहून बसलाय, फक्त दोन ओळी लांब लांब पडल्यात.

पहिली ओळ चोकची. चोक ओढला की हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. अर्ध्या चोकवर मोटर तग धरते म्हणजे स्लोला तिला पेट्रोल कमी पडतंय. वर गेल्यावर झकास पळते, म्हणजे मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी), पेट्रोल पंप, ठिणगी, सगळं जाग्यावर आहे. राहिला तो पायलट जेट, म्हणजे स्लोचा जेट. त्याचं भोक जाड केसाएवढं असतं. चार महिने कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे मधासारखा चिकटा राहतो आणि तो पहिल्यांदा बसतो इथंच.

दोनदा साफ केला म्हणजे नक्की काय केलं, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी वाटी उघडतात, पेट्रोल मारतात, हवा मारतात, बंद करतात. जुन्या कार्बोरेटरात पायलट जेट खोल बसलेला असतो, त्याची खाच झिजलेली असते, म्हणून तो काढायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तो काढलाच पाहिजे. खाचेत घट्ट बसणारा पेचकस घ्या आणि क्लीनर मारून रात्रभर मुरू द्या. काढल्यावर जेट आभाळाकडे धरून एका डोळ्यानं बघा. पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर अजून घाण आहे.

आणि तार घालू नका. हे मी ऐकीव सांगत नाही. उमेदवारीत असताना एका स्कूटरचा जेट मी क्लचवायरच्या धाग्यानं साफ केला होता. पितळ मऊ, तार पोलादी. भोक मोठं झालं, स्कूटर चुलीसारखा धूर काढायला लागली आणि नव्या जेटचे पैसे उस्तादांनी माझ्या हप्त्यातून कापले. मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा वापरा. तो तर तुमच्या होडीतच असेल.

बाजूचा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो अलगद आत फिरवून किती फेरे बसतात ते मोजा आणि लिहून ठेवा. परत बसवताना तेवढेच फेरे बाहेर. जोर लावून आवळलात तर त्याचं टोक जातं.

आता दुसरी ओळ : 'आठ दिवस बरी चालते'. माझ्या मते खरी गोम इथं आहे. जेट खराब असता तर साफ केल्यावर आठ दिवस तरी कशी चालली असती? म्हणजे घाण मागून येतेय, टाकीतून. कार्बोरेटर बिचारा फुकट मार खातोय. नवा आणलात तर नवव्या दिवशी तोही तसाच होईल.

एक काम करा. काचेची स्वच्छ बाटली घ्या, लोणच्याची चालेल, पण कोरडी. वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल तिच्यात घ्या. टाकी एका कोपऱ्यावर कलती करून तळाचं पेट्रोलही दुसऱ्या बाटलीत काढा. अर्धा तास हलवू नका. तळाला वेगळा थर किंवा पाण्याचे टपोरे थेंब दिसले की चोर सापडला.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ऊस आपलाच, इथेनॉलही आपलंच, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची! पण इथेनॉल पाणी ओढतं. कोयनेच्या काठची पावसाळी हवा आणि अर्धी रिकामी टाकी, मग काय विचारता. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं आणि मोटरची नळी पेट्रोल ओढते तळातूनच. टू-स्ट्रोकला यात आणखी एक धोका आहे. तुम्ही मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, खालच्या थरात ते नसतं. तसं पेट्रोल पोटात गेलं तर बंद पडण्यावर भागत नाही, पिस्टन धरतो.

म्हणून आधी टाकी धुवा, नळी आणि तिच्यावरचा पेट्रोल चढवायचा रबरी फुगा बघा (जुनं रबर इथेनॉलनं आतून सुटतं, त्याचे काळे कण जेटात जातात), फिल्टर बदला. कार्बोरेटर शेवटी. एवढं करूनही स्लो धरली नाही, तर मोटर चालू असताना कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या पॅकिंगवर ब्रशनं थोडं ऑइल लावा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय, पॅकिंग बदला. ही तपासणी पाण्याच्या पिंपात मोटर बुडवूनच करायची. कोरडी चालवलीत तर पाण्याच्या पंपाचं रबर जळेल आणि पुढच्या महिन्यात वेगळ्या तक्रारीचं पत्र येईल.

बाटलीत काय दिसलं ते मात्र कळवा.

प्रश्न : आमच्या गावात पुरासाठी ठेवलेली होडी आहे. मोटरचा फुगा दाबला की कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर सांडतं.
– एक वाचक, भिलवडी, ता. पलूस

उत्तर : हे तुलनेनं सोपं. वाटी भरली की तरंगणारा फ्लोट वर येतो आणि त्याची सुई पेट्रोलची वाट बंद करते, ती सुई नीट बसत नाहीये. सुईच्या टोकाला गोल रेघ उमटली असेल तर बदला. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर तो फुटलाय, मग सुई कितीही नवी घाला, उपयोग नाही. सांडलेलं पेट्रोल पुसून हवा खेळू दिल्याशिवाय दोरी मारू नका, होडीच्या तळात वाफ साचते.

आणि हे आताच करा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना पुराची इशारा पातळी, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. त्या आठवड्यात माझ्या दारात तीन मोटरी आल्या, तिन्हींच्या वाटीत आदल्या वर्षीचं पेट्रोल.