वडिलांना गुंजेची पूड द्यावी का? माझा अनुभव

दिंडोरीच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. वडिलांची केमो चालू आहे आणि भाऊ म्हणतो, गुंजेतलं प्रथिन कॅन्सरच्या पेशी मारतं, संशोधन झालंय, पूड देऊ. आमच्या नाशिकरोडच्या घरात आईच्या आजारपणात अगदी हेच झालं होतं.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. भावाचं अर्धं खरं आहे. गुंजेतलं अ‍ॅब्रिन आणि एरंडाच्या बीतलं रायसिन एकाच जातीची प्रथिनं. दोन साखळ्या असतात. एक पेशीला चिकटून आत शिरते, दुसरी रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएतलं अ‍ॅडेनिन नावाचं एकच घटक-रसायन तोडते आणि पेशीत प्रथिनं बनणंच थांबतं. जपानच्या एंडो आणि त्सुरुगी यांनी १९८७ मध्ये हे उलगडून दाखवलं. पण चिकटणाऱ्या साखळीला कॅन्सरची पेशी कोणती आणि आतड्याची कोणती, हे कळत नाही. म्हणून संशोधक बऱ्याचदा ती काढून टाकतात आणि उरलेलीला कॅन्सरची पेशी ओळखणारी अँटिबॉडी जोडतात. तरीही असं औषध दिलेल्या काही पेशंटच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागलं. घरी मिक्सरमध्ये वाटलेल्या पुडीत हे काहीच होत नाही. आयुर्वेदही गुंजेला उपविषात धरतो, शोधन, म्हणजे विष कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय देत नाही.

आमच्या काकांनी मधातून चिमूटभर दिली. पहाटे उलट्या, मग रक्ताचे जुलाब. एका दवाखान्यात नेलं. 'केमोमुळे होतं असं' म्हणत सलाईन लावलं आणि घरी पाठवलं. पुडी माझ्या खिशात होती. काका शेजारी उभे होते, म्हणून मी तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी सांगितलं, तोवर लघवी जवळजवळ बंद झाली होती. आई वाचली, पण पुढची केमो दीड महिना लांबली. ते दोन दिवस मला अजून झोपू देत नाहीत.

बागेला एरंडी पेंड घालत असाल तर तीही कुत्र्या-गुरांपासून लांब ठेवा. रायसिन तेलात उतरत नाही, पेंडीतच राहतं.

पूड दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर उलट्यांची वाट बघू नका, त्रास काही तासांनी सुरू होतो आणि यावर उतारा नाही. उरलेली पुडी घेऊन आत्ताच मोठ्या रुग्णालयात जा आणि केव्हा, किती दिली ते पहिल्याच डॉक्टरला सांगा. भाऊ रागावला तर रागावू दे.