कामिकात्सू: कचरागाडी नसलेलं डोंगरातलं गाव

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जपानमधलं कामिकात्सू बघायला जावं का, आणि 'तिथे कचराच नाही' हे खरं का. जरूर जा. कचरा मात्र तिथेही होतो, तुमच्या-माझ्या घरात होतो तसाच. मी कोबेत राहते, तीनदा जाऊन आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाव शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतात आहे. तोकुशिमा शहरातून गाडीने तासाभराचा रस्ता, कात्सुउरा नदीच्या कडेने वर चढत जाणारा. कागदोपत्री हे 'चो', म्हणजे नगर. प्रत्यक्षात डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या. १९५५ साली दोन गावं जोडून ते झालं तेव्हा वस्ती ६,०००च्या वर होती. आज ती १,४००च्या आसपास आहे, त्यातली निम्मी माणसं पासष्टीच्या पुढची.

कचऱ्याच्या वर्गीकरणाला लोक 'जपानी शिस्त' म्हणतात. मला ते पटत नाही. सुरुवात नाइलाजातून झाली. पूर्वी इथे कचरा उघड्यावर जाळायचे. मग दोन छोट्या भट्ट्या आल्या, पण डायऑक्सिनचे, म्हणजे कचरा जाळताना निघणाऱ्या विषारी द्रव्यांचे, नियम कडक झाल्यावर २००० साली त्या बंद कराव्या लागल्या. नवी मोठी भट्टी परवडणारी नव्हती, तेव्हा जाळायचा कचराच कमी करणं भाग होतं. २००१मध्ये ३५ प्रकारांत वर्गीकरण सुरू झालं. २००३मध्ये गावाने जाहीर केलं की २०२०पर्यंत जाळणं आणि पुरणं बंद करू. जपानमधली अशी ती पहिलीच घोषणा. आता प्रकार चाळीसहून जास्त आहेत. ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायचं, बाकी सगळं धुऊन, सुकवून स्वतः गावाच्या कचरा केंद्रावर आणायचं. ज्या म्हाताऱ्यांना गाडी चालवता येत नाही, त्यांच्या घरून नेण्याची सोय आहे.

केंद्रावर घाई करू नका, पेट्यांवरच्या पाट्या वाचा. वस्तू इथून कुठे जाणार, तिचं काय होणार, किलोमागे गावाला किती येन मिळतात किंवा पदरचे घालावे लागतात, सगळं तिथे लिहिलेलं आहे. मी तळ सुटलेला एक बूट नेला होता. तिथल्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि शेवटच्या पेटीकडे बोट दाखवलं. पाटीचा अर्थ साधारण असा: 'काही केलं तरी जाळावंच लागणारं'. रबर, कापड आणि गोंद एकदा एकजीव झाले की कितीही धुवा, वेगळे होत नाहीत. लहान मुलांचे डायपरही असेच. गावातला सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो, देशाची सरासरी २०च्या आसपास आहे. २०२०चं उद्दिष्ट हुकलं ते उरलेल्या या कचऱ्यामुळे, आणि त्याचं उत्तर वस्तू बनवणाऱ्यांकडेच आहे. गावकऱ्यांनी आणखी काय करायचं?

तुमच्याकडे एकच दिवस असेल तर मी कचऱ्यापेक्षा पानांसाठी जा म्हणेन. १९८१च्या कडाक्याच्या थंडीत इथल्या मिकान संत्र्यांच्या बागा मेल्या. शेती सहकारी संस्थेत सल्लागार असलेले तोमोजी योकोइशी पर्याय शोधत होते. ओसाकातल्या एका उपाहारगृहात त्यांनी पाहिलं की ताटात सजावटीला ठेवलेलं मेपलचं पान एका मुलीने हौसेने रुमालात घेतलं. अशी पानं तर गावात चहूकडे होती! १९८६मध्ये चार घरांनी सुरुवात केली. मोठ्या उपाहारगृहांना कुठल्या ऋतूत, कुठल्या मापाचं पान लागतं हे कळेपर्यंत माल खपला नाही. आज मेपल, नंदिना, पर्सिमनची पानं, प्लमच्या फांद्या असे ३००हून जास्त प्रकार जातात, आणि हा व्यवसाय मुख्यतः आज्यांच्या हातात आहे.

अशाच एका आजींच्या पडवीत मी तासभर बसले होते. मागणी टॅबलेटवर येते, जो आधी पकडेल त्याची. त्यांनी ती पकडली, मागच्या झाडावरून पानं खुडून आणली, पुसली आणि पत्ते लावावेत तशी एकसारखी ट्रेमध्ये मांडली. टाचणीच्या डोक्याएवढा डाग असलेलं पानही बाजूला. ट्रे प्लास्टिकचाच होता, हेही सांगायला हवं.

बस फार कमी आहेत, तोकुशिमाहून गाडी भाड्याने घ्या. केंद्राला लागूनच छोटं हॉटेल आहे. तिथे साबण लागेल तेवढाच कापून देतात, आणि खोलीतला कचरा तुम्हीच सहा प्रकारांत वेगळा करायचा. काशिहाराची भातखाचरं सकाळी लवकर बघा.

उन्हाळ्यात गेलात तर अंगणात आवा बांचा, म्हणजे इथला आंबवलेला चहा, वाळत घातलेला दिसेल. जुलैत खुडलेली पानं उकळून, मळून, दगडाखाली दाबून पिंपात आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. आंबवणारे जिवाणू ताकातल्यांच्याच जातकुळीतले. म्हणूनच असेल, पण पहिल्या घोटाला मला ताकाची आठवण झाली. येताना दोन पाकिटं घेऊन या, एक पुरत नाही.