हळदीचा वास येईनासा झालाय, पण हळदीचं दूध मात्र नको वाटतं. माझं नाक बिघडलंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन सांगलीत चार महिने झाले, खोली हळदीचे सौदे होतात त्या मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला. पहिला आठवडा हळदीच्या वासानं डोकं उठायचं, आता वासच येत नाही. परवा आई आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "अरे, केवढा हा वास!" दुसरं म्हणजे, पहिल्याच आठवड्यात अंग कसकसत होतं म्हणून घरमालकीणबाईंनी हळदीचं दूध दिलं, रात्री तीन वाजता उलट्या सुरू झाल्या, आणि तेव्हापासून ते दूध तोंडाजवळ नेलं तरी मळमळतं.

नाक शाबूत आहे. खात्री करायची तर हिंगाची डबी उघडून हुंगा. हिंग, कॉफी, उदबत्ती, कशाचाच वास येत नसेल तर मात्र माझं उत्तर इथंच सोडा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

मी एम.ए. मानसशास्त्रात केलं आणि पोट भरते अडत दुकानाचे हिशेब लिहून, त्यामुळे हा प्रश्न बहुधा माझ्यासाठीच होता.

हळदीतले उडून जाणारे रेणू नाकाच्या वरच्या टोकाला, आत, वास घेणाऱ्या पेशींवर जाऊन बसतात. माणसाकडे या पेशींवरच्या, वास टिपणाऱ्या ग्राहींचे (रिसेप्टरचे) साधारण ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ साली ही ग्राहींची जनुकं शोधली, त्याबद्दल २००४ चं नोबेल मिळालं. पेशी चेतली की तिच्यात कॅल्शियम शिरतं आणि तेच तिला ब्रेक लावतं. वास तेवढाच असतो, पेशी मात्र गप्प होत जाते. ही गोष्ट काही मिनिटांची आहे, आणि मोकळ्या हवेत गेलं की पेशी पुन्हा ताजी होते. तुम्ही दिवसभर ऑफिसात असता, म्हणजे संध्याकाळी यार्डाकडे वळताना वास जाणवायला हवा. तरी तो जाणवत नाही, कारण मेंदूही सरावलाय. ज्यातून ना फायदा ना तोटा, अशा रोजच्या गोष्टीकडे तो लक्ष द्यायचं सोडून देतो. हेसुद्धा शिकणंच आहे, आणि सगळ्यात साधं. आठवडाभर गावाला जाऊन या. परतताना रिक्षा यार्डाच्या रस्त्याला लागली की वास येईल, आणि चहा उकळेपर्यंत जाईलही. आई अजून असतील तर त्यांनाच विचारा, आता येतोय का म्हणून.

पण "वास येत नाही" असं यार्डात सगळ्यांनाच होतं म्हणाल तर तसं नाही. सौद्याच्या वेळी आमचे शेठ पोत्यात हात घालून मधलंच एक हळकुंड काढतात आणि दोन बोटांत धरून मोडतात. खडखडीत वाळलेलं असलं तर टक् असा आवाज होतो. मग मोडलेल्या जागेचा रंग बघतात, नाकाशी नेतात, आणि म्हणतात, "हे ओलं आहे, ठेवा बाजूला." तेच हळकुंड मी हुंगते तेव्हा मला फक्त हळद कळते. नाकात शिरतं ते दोघांच्याही सारखंच. त्यातून अर्थ काढायला ते चाळीस वर्षांत शिकले, मी नाही. पहिल्याला वेदन म्हणतात, दुसऱ्याला अवबोध. पुस्तकागणिक हे शब्द बदलतात, त्यावर जाऊ नका.

काही गोष्टी तर आपल्याला मुळात टिपताच येत नाहीत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे, म्हणजे पेवं, असायची. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, कारण आत कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडला वासच नाही. आजोबा सांगायचे, आधी पेटता कंदील सोडायचा, तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. नाक कितीही तयार असलं तरी तिथं ते कामाचं नाही.

आता दुधाकडे. मला तुमच्या प्रश्नातला हाच भाग जास्त आवडला. तीच हळद चार महिने रोज हुंगून मेंदूनं विसरून टाकली, आणि एका रात्रीतली मात्र पक्की धरून ठेवली.

आवाज ऐकला की अन्न येणार म्हणून लाळ गाळणारा पावलोवचा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. (त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते मात्र पचनक्रियेवरच्या कामासाठी.) तिथं आवाज आणि अन्न यांत अंतर थोडं लागतं आणि जोडी पुन्हा पुन्हा लावावी लागते. तुमच्या बाबतीत दूध आणि उलटी यांत काही तासांचं अंतर, आणि तेही एकदाच. जॉन गार्सिया या अमेरिकन संशोधकानं १९५५ साली उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी दिलं आणि किरणोत्सारानं आजारी पाडलं, तर उंदरांनी ते पाणी सोडलं. १९६६ साली केलिंग या सहकाऱ्याबरोबर त्यानं चवीच्या पाण्याला उजेड आणि आवाजाचीही जोड दिली. आजारी पडलेल्या उंदरांनी दोष चवीला दिला, विजेचा झटका बसलेल्यांनी उजेड-आवाजाला. शिकण्याच्या तेव्हाच्या नियमांत हे बसत नव्हतं, म्हणून नियतकालिकं त्याचे लेख परत पाठवत राहिली. पोट बिघडलं की संशय खाल्लेल्यावर घ्यायचा, ही तयारी आपण जन्मतःच घेऊन येतो. म्हणूनच तुम्हाला घरमालकीणबाईंची किंवा त्यांच्या स्टीलच्या पेल्याची भीती बसली नाही, बसली ती दुधाच्या चवीची. उलटी बहुधा तापाची होती. ते तुम्हालाही ठाऊक असेल, पण पोटाला पटत नाही.

आणि आमटीतली हळद चालते ना? लहानपणापासूनची चव सहसा बदनाम होत नाही. तुमच्या घरी हळदीचं दूध पिण्याची रीत नसावी, म्हणून नवी चव पकडली गेली.

ही नावड घालवायची असेल तर तब्येत ठणठणीत असताना ते दूध घोटभरच घ्या, आठवड्यातून दोनदा, थोडी सुंठ घालून वास बदललात तर बरं. नाक दाबून पेलाभर ढोसू नका, पुन्हा मळमळलं तर होतं ते पक्कं होईल. मधे बंद केलंत तर नावड पुन्हा डोकं वर काढते, त्यानं दचकू नका. आणि घरमालकीणबाई पुन्हा पेला घेऊन आल्या तर सरळ सांगा, "काकू, मला आलं घालून चहा चालेल."