आयेशा नावाचा अर्थ आणि माझी घोडचूक

ताई, लेक तीन महिन्यांची, नाव आयेशा ठरलंय, पण सासूबाई म्हणतात 'अर्थ ऐषाराम होतो, नको', हे वाचलं आणि आमच्याच घरातलं भांडण आठवलं. आमच्याकडे आजी होती, एवढाच फरक.

सासूबाई अगदीच चुकत नाहीत. ऐषारामातला ऐष आणि आयेशा एकाच अरबी धातूतले, त्याची अक्षरं तीन: ऐन, या, शीन. मूळ अर्थ जगणं. फारसीतून आपल्याकडे येईस्तोवर त्या जगण्याची चैन झाली. आयेशा म्हणजे जगणारी, जिवंत. इजिप्तमध्ये 'ऐश' म्हणजे रोटी, आणि कुवेतमध्ये ऐश मागितलं की पानात भात पडतो! हे सांगून बघा, आमची आजी भातावर विरघळली. शिवाय नाव पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचं, ज्यांच्याकडून आलेल्या हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) २२१० मोजतात. तुर्कस्तानात हेच नाव आयशे होतं, पूर्व आफ्रिकेत झांझिबारकडे चक्क आशा. आपल्या आशाशी त्याचा संबंध नाही. आणि आसिया वेगळं, ते फिरऔनच्या, म्हणजे इजिप्तच्या जुन्या राजाच्या, बायकोचं नाव, त्यात ऐन नाही.

आता माझी चूक. जन्मदाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग कारकुनाला 'तुम्हीच घाला' म्हटलं. त्याने ए-वाय-एस-एच-ए घातलं, पासपोर्टला मी मध्ये 'ई' दिला. तरी हे निभलं असतं. कुवेतला फॅमिली व्हिसाच्या वेळी टायपिंगवाल्याने इंग्रजीवरून अरबी नाव ठोकून दिलं: अलिफ, या, शीन, अलिफ. ऐन गायब, म्हणजे 'जगणं'च गायब. मी मदरशात शिकलेलो, अक्षरं वाचता येत होती, तरी न बघता सही केली. शाळेत बाई तिला भलत्याच उच्चाराने हाका मारायच्या. दुरुस्तीला गेलो तर एक खिडकी म्हणे टायपिंगवाल्याकडे जा, तो म्हणे दाखला आणा, दाखला बघून पुन्हा खिडकी म्हणे स्पेलिंग जुळत नाही. पगार कापून घेऊन सहा सुट्ट्या गेल्या. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, रक्तदाब वाढतो.

म्हणून, माझ्या मते (मी वकील नाही, अरबीचा पंडितही नाही) इंग्रजी स्पेलिंग आजच एक ठरवा. आय घाला नाहीतर वाय, सगळीकडे तेच. दाखल्यात नाव अजून घातलं नसेल तर उत्तम. वर्षाच्या आत बहुधा फी लागत नाही, तरी नगरपालिकेत विचारून घ्या. अरबी नाव कागदावर लिहून ठेवा: ऐन, अलिफ, हमजा, शीन, शेवटी दोन टिंबांची गोल ता. उर्दूत शेवटी साधी हे येते, त्यावरून कुणी वाद घातला तर घालू द्या, पण ऐन सोडू नका. 'आयेशा म्हणजे समृद्ध राजकन्या' छापणाऱ्या नावांच्या याद्या मात्र बंद करा, त्यांतली राजकन्या कुठून आली ते मला आजतागायत कळलेलं नाही.