मिडवाइफना पाठबळ द्यायचंय? आधी माणूस द्या आणि लेखी अधिकार द्या

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. प्रसूती विभागाची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे. व्यवस्थापनाने "मिडवाइफना (बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांना) पाठबळ द्यायला काय करू या?" असं विचारलंय, आणि आत्तापर्यंत आलेल्या सूचना म्हणजे ५ मेच्या मिडवाइफ दिनाला सत्कार, ताणतणावावर व्याख्यान आणि संवादकौशल्याची कार्यशाळा. इथे उत्तर देणाऱ्या बऱ्याच जणांनी कार्यशाळेला कौल दिलाय. माझं मत वेगळं आहे आणि लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढून ते पक्कं झालंय. सत्कार करा, व्याख्यानही ठेवा, पण त्याआधी दोन गोष्टी मागून घ्या: कळा सुरू असलेल्या बाईपाशी थांबता येईल इतकी माणसं, आणि काही बिघडतंय असं दिसल्यावर फोनवरच्या होकाराची वाट न बघता उपचार सुरू करण्याचा लेखी अधिकार.

आधी माणसांचं बोलू. कळा चांगल्या सुरू झाल्या की दर अर्ध्या तासाला पोटावर हात ठेवून दहा मिनिटं कळा मोजायच्या असतात. किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, मध्ये पोट पूर्ण सैल पडतंय का. बाळाचे ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी, निदान मिनिटभर ऐकायचे, आणि कळ ओसरल्यावरही अर्धा मिनिट कान तिथेच ठेवायचा, कारण ठोके उतरत असतील तर ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. बाई जोर करायला लागली की ठोके दर पाच मिनिटांनी. आता एका मिडवाइफकडे तीन बायका द्या आणि गणित करा. नुसत्या कळा मोजण्यातच अर्ध्या तासाची तीसच्या तीस मिनिटं संपली. बीपी, ताप, लघवी, कूस बदलून देणं, पाणी पाजणं, धीर देणं, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणं, हे सगळं कधी करायचं?

मग व्हायचं तेच होतं. दोन मिनिटं हात ठेवून अंदाज बांधला जातो आणि कळा-ठोक्यांच्या नोंदींचा तक्ता ड्यूटी संपताना एका बैठकीत भरला जातो. पुढे तपासणीत शेरा येतो की नोंदी समाधानकारक नाहीत, मिडवाइफना प्रशिक्षण द्यावं. प्रशिक्षण घेऊन आलेली तीच मिडवाइफ पुन्हा त्याच तीन बायकांमध्ये उभी राहते. म्हणूनच इंग्लंडमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या 'नाइस'सारख्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की कळा नीट सुरू झाल्यावर एका बाईमागे एक मिडवाइफ हवी.

माणसं कमी असली की घाईही वाढते, आणि ती बाईच्या अंगावर येते. गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा हिशोब १९५० च्या दशकातल्या आलेखांमधून आला आणि डोक्यात घट्ट बसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की हा वेग सगळ्या बायकांना लागू पडत नाही आणि फक्त तेवढ्यावरून कळांचं सलाइन लावू नये किंवा सिझरकडे वळू नये. कळांचा जोमदार टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरायचा हेही तेव्हाच ठरलं. हे सगळ्यांना पाठ असतं. पण बाहेर तिसरी बाई खाट रिकामी व्हायची वाट बघत असेल तर पाठ असलेलं हातून घडत नाही. पोट, ठोके, नाडी सगळं ठीक असताना नुसतं शेजारी बसून थांबणं हे मिडवाइफचं खूप मोठं कौशल्य आहे. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ ड्यूटी लिस्टमध्येच असावा लागतो.

पदं लगेच भरली जाणार नाहीत हे मलाही कळतं. जगभरात ९ लाख मिडवाइफ कमी आहेत असं २०२१ च्या जागतिक अहवालात म्हटलंय. तोवर दोन गोष्टी करता येतात. एक, लेबर रूमची मिडवाइफ दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी आहे म्हणून हलवायची नाही, हा नियम करून घ्या. हात शिकलेला असतो तो सरावावर टिकतो, आणि दर महिन्याला वॉर्ड बदलला तर तो सराव तुटतो. दुसरी, बाईला हवी असलेली एक व्यक्ती सोबत राहू द्या. आई, बहीण, नवरा, मैत्रीण, जी ती म्हणेल ती. सतत सोबत असण्यावरच्या २६ अभ्यासांचा, १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांचा आढावा २०१७ मध्ये आला. सोबत असलेल्यांमध्ये सिझर कमी, कळांचा काळ थोडा कमी आणि बाळंतपणाची वाईट आठवण सांगणाऱ्याही कमी. गर्दी होते, संसर्ग होतो ही कारणं मी खूप ऐकली आहेत. एका खाटेमागे एक माणूस आणि दोन खाटांमध्ये एक पडदा, एवढ्याने त्यातलं बरंचसं सुटतं. अर्थात सोबतीण मिडवाइफची जागा घेत नाही. तिच्याकडून ठोके ऐकण्याची अपेक्षा नको.

आता अधिकाराचं. हे जास्त अवघड आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव घ्या. बाळ रडलं, वार पडली, सगळे हसतायत, आणि खाली चादर भिजत जाते. डोळ्यांनी रक्ताचा अंदाज कायम कमीच येतो, कारण ते कापडात, बोळ्यांत, खाटेखालच्या बादलीत विखुरलेलं असतं. म्हणून बाळ बाहेर येताच बाईच्या कमरेखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी पसरायची. रक्त खालच्या निमुळत्या भागात साठतं आणि आकडा समोर दिसतो. ५०० मिलीची खूण गाठली, किंवा ३०० च्या पुढे जाऊन नाडी वाढली, गर्भपिशवी हाताला मऊ लागली, की सगळं एकदम सुरू करायचं. एका हाताने पोटावरून गर्भपिशवी चोळून घट्ट करायची, मदतीला हाक मारायची, ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आवळणारं औषध), ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव थांबवायला मदत करणारं औषध) १ ग्रॅम शिरेतून सावकाश, सलाइन, मूत्राशय रिकामं, वार पूर्ण आली का ते बघायचं, कुठे फाटलंय का ते बघायचं. एक करून बघू, मग दुसरं, असं नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांमध्ये हे करून बघितलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आला की लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. औषधं तीच जुनी होती. मोजणं नवं होतं, आणि समोर उभी असलेली व्यक्ती लगेच सुरू करत होती.

आता हेच तुमच्या विभागात रात्री तीन वाजता कसं होईल ते बघा. मिडवाइफला रक्त दिसलं. तिने डॉक्टरांना फोन लावला, तो एंगेज. पुन्हा लावला. "येतो, तोवर बघा." औषधाच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या मजल्यावर. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड पहिल्या तीन तासांतच उपयोगी पडतं, आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. त्या बाईचा वेळ किल्ली आणि होकार यांतच जातो. मिडवाइफला सगळं येत असतं, फक्त विचारल्याशिवाय करायची मुभा नसते. या अवस्थेत वर्षानुवर्षं काम करणं माणसाला आतून पोखरतं. तुमच्याकडच्या चांगल्या मिडवाइफ सोडून जात असतील तर पगाराइतकंच हेही कारण असू शकतं, त्यांना एकेकटं बसवून विचारा.

त्यामुळे प्रसूतितज्ज्ञ आणि अधीक्षक यांच्या सहीचा कागद हवा: अमुक दिसलं की मिडवाइफने अमुक सुरू करायचं आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलवायचं. रक्तस्राव, बाईला झटके येणं, बाळाने श्वास न घेणं, डोकं बाहेर आल्यावर बाळाचा खांदा अडकणं, एवढ्यांपासून सुरुवात पुरे. औषधांचा डबा लेबर रूममध्ये, बिनकुलपाचा, दर पाळीला तपासलेला. ऑक्सिटोसिन मात्र फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, नाहीतर हळूहळू त्याचा दम जातो. चांगले प्रसूतितज्ज्ञ याला विरोध करत नाहीत, उलट त्यांना हाक लवकर आणि नेमकी येते म्हणून बरंच वाटतं. जे करतात त्यांना सांगा की जबाबदारी आजही मिडवाइफचीच धरली जाते. लेखी खुलासा तिच्याकडूनच मागतात ना?

कार्यशाळेला माझा विरोध नाही, जागा चुकतेय. हॉलमध्ये स्लाइड बघण्याऐवजी तुमच्याच लेबर रूममध्ये, तुमच्याच खाटेवर पंधरा मिनिटांचा सराव घ्या. डॉक्टर, मिडवाइफ, आया, सगळे. डबा कुठे आहे, फोन कोण लावतं, वेळ कोण लिहितं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाने खांदा अडकण्याचा असा सराव सगळ्यांना सक्तीचा केला, तेव्हा त्या बाळंतपणांत बाळाला इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालंय, व्यवस्थापनाला दाखवता येईल. संवादकौशल्यही अशा सरावातच येतं.

आणखी एक, थोडक्यात. एखादी बाई किंवा बाळ दगावलं की त्या पाळीच्या मिडवाइफला लगेच दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीवर उभं करू नका. आधी तिच्याशी कुणी वरिष्ठ मिडवाइफने बोलावं, चौकशी नंतर. ताणावरचं व्याख्यान त्या आठवड्यात ठेवलंत तर कुणाला ऐकूही येणार नाही.

सभेला जाताना मागच्या तीन महिन्यांचं रजिस्टर सोबत न्या. दोनच आकडे काढून ठेवा: प्रत्येक पाळीत एका मिडवाइफमागे कळा सुरू असलेल्या किती बायका होत्या, आणि रक्तस्रावाच्या प्रत्येक केसमध्ये रक्त जास्त जातंय हे कळल्यापासून पहिलं इंजेक्शन मिळेपर्यंत किती मिनिटं गेली. दुसऱ्या आकड्याची नोंदच नसेल तर उद्यापासून भिंतीवरच्या घड्याळाची वेळ केसपेपरवर लिहायला सांगा. महिनाभराने तो तक्ता अधीक्षकांसमोर ठेवा आणि सहीचा कागद तेव्हाच पुढे करा.