मुलगा पाचवीत आहे, गणितात मागे पडलाय. चाळीस मुलांचा क्लास लावू की चार-पाच जणांची छोटी शिकवणी?

छोटी शिकवणी. पण त्यात मुलं किती, यापेक्षा कोणती मुलं आहेत ते आधी बघा.

मी कळव्यात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या ऑफिसात संध्याकाळी तासभर पाच मुलांना घेऊन बसते. पहिल्या वर्षी पाचवीचीच पाच घेतली आणि फसले. एकाचा भागाकार अडलेला, दोघांचे पाढे कच्चे, एक मुलगी तर वजाबाकीलाच अडकलेली. वर्गात ती चाळिसांत मागे होती, माझ्याकडे पाचांत मागे राहिली. एवढाच काय तो फरक!

आता मी इयत्ता विचारतच नाही, मूल कुठे अडलंय ते तपासून तसा गट करते. ५०२ − १७८ मांडायला देते. उत्तर ४७६ आलं, तर मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, कुठला वर आणि कुठला खाली हे न बघता. अशाला पाढे तोंडपाठ असले तरी भागाकार जमत नाही, कारण भागाकारात पायरीपायरीला वजाबाकी असते. 'हातचा घे' असं शंभरदा सांगूनही उपयोग नाही. मी खेळण्यातल्या शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी देते, म्हणते, मला १७८ रुपये दे. सुटे नसतात. मग एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून दहा नाणी. दहाच्या नऊ नोटा उरल्या की शून्याच्या जागी नऊ कुठून आले ते त्याचं त्याला दिसतं. चाळीस जणांत प्रत्येकाच्या हाताकडे कोण बघणार?

अडलेल्या मुलांचा असा वेगळा गट करायची युक्ती काही माझी नव्हे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवून शिकवलं होतं. शिकवणाऱ्या 'बालसखी' म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी ते तपासलं तेव्हा मुलं खरंच पुढे सरकली होती. मात्र मदत थांबल्यावर वर्षभरात तो फायदा बराचसा ओसरलाही. म्हणून माझी मुलं गटातून बाहेर पडली तरी महिन्यातून एक शनिवार बोलावते.

क्लासवाल्यांना दोनच गोष्टी विचारा. आधी तपासून मग बसवता का? आणि मूल पुढे गेलं की गट बदलता का? 'आम्ही शाळेचा पोर्शन पूर्ण करून घेतो' असं उत्तर आलं तर तिथे घालू नका. पोर्शन शाळेतही होतोच आहे.

पाचवीच्या वार्षिक परीक्षेची धास्ती मला कळते, आता त्यात नापास करतात. पण आधी पुनर्परीक्षाही मिळते.

आज जेवणाआधी ते ५०२ देऊन बघा. चुकलं तर लगेच खोडू नका, 'कसं केलंस रे?' एवढंच विचारा. तो काय म्हणाला ते इथे लिहा, पुढचं सांगते.